चौथी कुंडी

काकांनी चौतीस वर्षं गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. ज्या गल्लीची जी वेळ, त्या वेळी तिथे पाणी. मग अंगात ताप असो की घरी पाहुणे. त्यामुळे लोक त्यांना पाणीवाले काकाच म्हणत. निवृत्तीनंतर फिरवायला व्हॉल्व्ह उरले नाहीत, तेव्हा काकांची ही खोड काकूंच्या लिलीच्या चार कुंड्यांवर उतरली. सकाळ-संध्याकाळ मगभर पाणी, न चुकता.

काकू आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ तेवढी शाबूत होती, आणि जिभेचा उपयोग त्या पूर्वीसारखाच सढळ हाताने करत. पलंग खिडकीशी, कुंड्या खिडकीच्या कट्ट्यावर. लघवीचा संसर्ग दोनदा होऊन गेला होता. पाणी भरपूर पाजा, तिसऱ्यांदा झाला तर इस्पितळात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घर सोडायची काकूंना धास्ती होती. काका पेला भरून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवत आणि थोड्या वेळाने रिकामा पेला उचलून नेत. तरी काकूंचे ओठ सुकलेले ते सुकलेलेच. पाणी जातंय ना, असं मुलीने विचारलं की काका छातीठोकपणे सांगत, पेला रिकामा होतो.

अशात चिलटं झाली. कुंड्यांतून उठायची आणि काकूंच्या डोळ्यांपाशी घोंघावायची. मुलगी वैतागून म्हणाली, कुंड्या बाहेर काढा. काकूंनी तोंड फिरवलं आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. काका तडक रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचीच हजेरी घेतली. चिलटं फुलांना नाही, ओल्या मातीला येतात, त्यांच्या अळ्या तिथेच वाढतात. वरची दोन बोटं माती खडखडीत वाळेपर्यंत पाणी बंद ठेवा. चिलटं चिकटून बसावीत म्हणून तिने कुंड्यांत खोचायला चिकट पिवळी कार्डंही दिली.

पाणी बंद ठेवणं काकांच्या जिवावर आलं. सकाळी पाण्याचा मग हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. पण दहा-बारा दिवसांत तीन कुंड्यांची माती वाळली, तिथली कार्डं स्वच्छ राहू लागली. चौथी मात्र, पलंगालगतची, चिलटांनी भरलेली. तिच्या कार्डावर बोट ठेवायला जागा नव्हती. काकांनी मातीत बोट घातलं, तर चिखल. छताकडे पाहिलं, गळती नाही. खिडकी बंद. मग त्यांची नजर कुंडीवरून काकूंच्या डाव्या हाताकडे गेली, आणि हाताजवळच्या रिकाम्या पेल्याकडे.

ते पलंगाच्या कडेला बसले.

"किती दिवस?" काकांनी विचारलं.

"तुमची कंबर धरली तेव्हापासून," काकू खिडकीकडे पाहत म्हणाल्या. "प्यायलं की लघवीला उठवावं लागतं. तुम्ही मला उचलता, तेव्हा तुमचा चेहरा मला दिसतो हो."

काकांना रडू आवरेना. साऱ्या गावाला पाणी पोचवलं आणि घरात फक्त रिकामा पेला पाहत बसलो, या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पेला भरून आणला आणि या वेळी हातातून सोडला नाही.

"कंबर माझी आहे, तिचं मी बघेन," ते म्हणाले. "तू पी."

काकू एकेक घोट प्यायल्या. काका समोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी काकूंना उचलायला शेजारच्या परिचारिकेची मदत घ्यायचं ठरलं. ते मुलगी महिनाभर सांगत होती आणि काकाच नको म्हणत होते.

चौथी कुंडी वाळायला आठवडा लागला. चिलटं गेली. आता काका पेला संपेपर्यंत काकूंच्या समोरून हलत नाहीत. तरीही पेला उचलताना त्यांचं बोट त्या कुंडीतल्या मातीत जातंच. काकूंना ते दिसतं. एरवी कशालाही न सोडणारी त्यांची जीभ तेव्हा गप्प असते.