धाकट्याची वाट

"अल्झायमर आहे," बारामतीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझे सासरे, तात्या, त्यांच्याकडं बघून गोड हसले. मला मात्र आधी आठवलं ते पाटाचं पाणी.

आमची सणसरची शेती आणि तात्यांच्या धाकट्या भावाची, आबांची, बांधाला बांध लागून. कॅनॉलच्या पाण्याची पाळी आली की निम्मा वेळ आमच्या उसाला, निम्मा त्यांच्या. तात्या आबांच्या वेळेत पाटाची दारं मोडून पाणी आपल्या उसात वळवायला लागले. विचारलं की म्हणायचे, "माझीच पाळी हाय की!" आबा भडकले. "म्हातारपणी हाव सुटली व्हय दादा?" म्हणाले, आणि बोलणंच बंद केलं.

आम्हीही ताठ. घरी तात्या चहा पिऊन परत चहा मागायचे, वस्तीची वाट चुकायचे, ते म्हातारपण म्हणून सोडून दिलं. पण पाण्याच्या भांडणात आजार असेल, हे कुणाच्या बापाला सुचणार?

शेवटी त्यांना बारामतीला दाखवलं. एमआरआय झाला, रक्त तपासलं, आठवणीची परीक्षा झाली. परीक्षेत तात्यांनी घड्याळ काढलं आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीनं बसवले. तेव्हाच मी समजून चुकले.

"हे येतं कुठून?" मी विचारलं. बाईंनी सोपं करून सांगितलं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या रोगप्रतिकारशक्तीच्या, आणि झाडलोट करणाऱ्या. काहींच्या जीन्समध्ये, म्हणजे आईबापांकडून आलेल्या गुणांत, असा फरक असतो की ही झाडलोट नीट होत नाही. मग मेंदूत कचरा साठण्याचा धोका वाढतो. "पण जीन म्हणजे आजार नव्हे," त्या दोनदा म्हणाल्या. "फरक असूनही कित्येकांना काही होत नाही. ह्यांना सख्खा भाऊ आहे का? त्यांना बीपी, साखर, कान तपासत राहायला सांगा; ह्यांतल्या बिघाडानंही धोका वाढतो. आणि भेटू द्या दोघांना. ओळख आहे तोवर माणसं भेटू द्या."

परत येताना आमच्या मालकांनी गाडीतच बजावलं, "जीन्सचं नाव काढू नकोस. पोरीचं जमत आलंय. घराण्यात डोक्याचं दुखणं हाय म्हणतील लोक."

मला पटलं नाही. पण पोर माझीही होती.

मग काय, गावाला सांगितलं, बीपी आहे. तात्यांना घरातच ठेवलं. सकाळी उठले की ते दाराशी येऊन विचारायचे, "धाकटा आला न्हाय अजून?" मी म्हणायची, "येतील हो." चार महिन्यांनी लग्न थाटात झालं. आबांना पत्रिका गेली होती, पण आबा आले नाहीत. कसे येतील? त्यांच्या लेखी तात्या अजून पाणी चोरणारेच होते.

मांडव उतरल्यावर मी एकटीच बांध ओलांडून गेले. आबा जेवत होते. सगळं सांगितलं, जीन्ससकट.

"म्हंजी दादानं मुद्दाम न्हाय केलं?"

"न्हाय, आबा."

"आन मी त्याला चोर म्हनलो गं!" ताट तसंच सारून आबा उठले, टोपी घातली आणि माझ्या पुढं चालायला लागले.

तात्या ओट्यावर बाजेवर बसले होते. आबांकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "या पावणं. कुठलं गाव?"

मी तोंडात पदर कोंबला. "हितलाच हाय," आबा कसंबसं म्हणाले.

माझ्यासारख्या घरात बसून वाचणाऱ्यांनो, माझं ऐका. लपवायची बुद्धी होईल, लाजही वाटेल. पण ज्याच्याशी अबोला आहे त्याला आधी गाठा. लग्न पुढं ढकलता आलं असतं. तात्यांची ओळख त्या चार महिन्यांतच गेली, आणि ही चुटपुट आता माझ्याबरोबरच जाईल. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नाही.

आबांना घ्यायला तात्या बाजेवर सरकले. "बसा. माझा धाकटा येईल एवढ्यात. रुसलाय माझ्यावर. त्याला भेटूनच जावा."

"थांबतो की," आबा म्हणाले आणि शेजारी टेकले.

आता आबा रोज येतात. दोघं भाऊ बाजेवर बसून धाकट्याची वाट बघतात.