कावड कोणत्या खांद्यावर

पर्सेपोलिस ही प्राचीन इराणची राजधानी ग्रीकांनी जाळली, हे इतर मुलांना पुस्तकातून कळलं असेल; मला ते जेवताना कळलं. बाबा बडोद्यात शाळेत इतिहास शिकवत आणि घडियाळी पोळातल्या आमच्या दोन खोल्यांत त्या पडक्या शहरावर मराठीत पुस्तक लिहीत. आई म्हणायची, जळून दोन हजार वर्षं उलटली, धूर मात्र अजून आमच्याच घरात.

पर्सेपोलिसच्या जिन्यावर सम्राटाला नजराणा नेणारे देशोदेशीचे लोक कोरलेले आहेत. त्यांत एक आपल्याकडचा: धोतर नेसलेला, अनवाणी, खांद्यावर कावड. बाबांचा सगळा जीव या कावडवाल्यात. पण त्यांच्याकडचा फोटो इतका धूसर, की कावड कोणत्या खांद्यावर आहे ते भिंग लावूनही नक्की ठरेना.

नव्वदीत बाजार खुले झाले, आमच्या नंदेसरीच्या कारखान्याचा माल परदेशी जाऊ लागला आणि मला चार महिन्यांसाठी शिराझला धाडलं. पर्सेपोलिस तिथून मोटारीने तासाभरावर. निघताना शेजारी 'आवजो' म्हणाले, आईने पिस्ते आणायला सांगितले. बाबा म्हणाले, "फक्त त्याचा खांदा बघून ये." कॅमेरा आमच्याकडे नव्हता.

दर शुक्रवारी सुट्टी असे. दर शुक्रवारी मी झोपलो, कपडे धुतले, बाजारात हिंडलो. खरं सांगायचं तर मला त्या दगडांचा रागच होता. बाबांनी लहानपणी माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. शेवटच्या शुक्रवारी पिस्ते घेतले.

घरी आलो तर चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं. मी तोंड वर करून सांगितलं, "उजवा."

"नक्की?"

"हात लावून पाहिला, बाबा."

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिले. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता, आणि वाटतही नव्हता.

पुस्तक कधी छापलं गेलं नाही. बाबा गेल्यावर आम्ही तरसालीला राहायला गेलो, तेव्हा सामानात हस्तलिखित निघालं. कावडवाल्याच्या पानावर आधी 'डावा' लिहिलेलं. ते एका रेघेने खोडून वर 'उजवा'. खाली टीप: 'माझ्या मुलाने प्रत्यक्ष पाहिले आहे.'

सगळा जन्म भिंग लावून बसलेल्या माणसाने माझ्या एका शब्दावर स्वतःचे डोळे खोटे ठरवले होते. मी पेन उघडलं. पण ती टीप खोडली असती, तर बाबांनी माझ्याविषयी लिहिलेलं एकुलतं एक वाक्य गेलं असतं.