प्रणालीचा फोटो आणि तांदळाची बोरी

“हा फोटो तुमचा नाही,” असं सांगून नागपूरच्या एका हॉस्पिटलनं प्रणालीला परत पाठवलं होतं. नर्सच्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती. कागदपत्रं तपासताना अर्जावरच्या फोटोतली मुलगी एक आणि समोर उभी असलेली दुसरी, असं निघालं. उद्या दुपारपर्यंत खरा फोटो आणा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला देऊ, असं तिला सांगितलं गेलं. ती संध्याकाळी अर्जुनी मोरगावला उतरली आणि घरी न जाता, आईला बोलावून घेऊन, सरळ आमच्या स्टुडिओत आली. कारण तो फोटो आमच्याच स्टुडिओत काढलेला होता.

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यापासून स्टुडिओ माझा भाचा नरेश बघतो, हे तुम्हांला माहीत आहे. मी संध्याकाळी थोडा वेळ जाऊन बसते. त्या दिवशीही बसले होते.

प्रणाली लहान असताना स्टोव्हचा भडका उडाला आणि तिचा डावा गाल आणि मान भाजली. जखम भरली, पण तिथली कातडी ओढलेली आणि गुळगुळीत राहिली. नरेशनं अर्जाचा फोटो काढल्यावर कॉम्प्युटरवर तो गाल उजव्या गालासारखा करून टाकला. यात आपण काही विशेष केलं असं त्याला वाटलंही नव्हतं. आमच्याकडे पासपोर्ट फोटो ‘साफ’ करूनच देतात. तीळ काढायचे, मुरूम काढायचे, रंग जरा उजळ करायचा. गिऱ्हाईक मागत नाही, आम्ही विचारत नाही. पाहुण्याला न विचारता पाणी द्यावं, तसं ते चालत आलेलं आहे.

“काऊन पुसलं, भाऊ?” प्रणालीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “मी सांगतलं होतं का तुमाले?”

“अगं, मैंने तो अच्छे के लिए किया,” नरेश म्हणाला. तो गोंदियात वाढलेला. अडचणीत सापडला की हिंदीत जातो.

“तुमच्या अच्छ्यापायी माही नोकरी जाऊन राहिली.”

तिची आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती माझ्याकडे वळली. “मॅडम, सगळंच नका ठेवू. अर्धं ठेवा, अर्धं काढा. हाच फोटो पाहुण्याइले बी पाठवाचा आहे.”

“पाहुणा फोटोसंगं लगन लावन का माह्यासंगं?” प्रणाली म्हणाली.

“लगनाचं मंग पाहू. पयले पाहाले तर आला पायजे ना कोणी.”

आईचं म्हणणं मला पटलं नाही, पण ते खोटं आहे असंही म्हणता येईना. मी प्रणालीला पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं आणि नरेशला म्हटलं, “फोटो काढ. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.”

त्यानं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला. फोटो स्क्रीनवर आला. भाजलेली जागा पांढरीफट्ट चकाकत होती आणि तिच्या कडेला काळ्या रेघा उठल्या होत्या. जणू गालावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवला आहे.

“अशी दिसते का मी?” प्रणालीनं मलाच विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि ते तिची समजूत घालायला म्हटलं नव्हतं. पुसलेला फोटो जितका खोटा होता, तितकाच हाही होता. फक्त खोटेपणा उलट्या बाजूला गेला होता.

याचं कारण साधं आहे. साध्या कातडीवर बारीक छिद्रं आणि लव असते, त्यामुळे तिच्यावर पडलेला प्रकाश विखुरतो. भाजून भरलेली कातडी सपाट असते, ती प्रकाश आरशासारखा परत फेकते. त्यात फ्लॅशचा दिवा काडेपेटीएवढा. भर उन्हात आपली सावली कशी सुरीनं कापल्यासारखी पडते, आणि ढगाळ दिवशी सावली शोधावी लागते? सूर्य तोच असतो. पण ढग आले की सगळं आभाळ मिळून एक दिवा होतं. दिवा जितका मोठा आणि जवळ, तितका प्रकाश मऊ. फ्लॅशपुढे असा ढग धरायचा, म्हणजे डिफ्यूझर लावायचा.

आमचे छत्रीवाले मोठे दिवे लग्नाच्या सीझनमुळे भाड्यानं बाहेर गेले होते. बाहेर अंधारून आलं होतं, त्यामुळे खिडकीचा उजेड नाही. ट्यूबलाइटचा उजेड वरून पडतो आणि डोळ्यांखाली काळं करतो. नरेशनं दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा फ्लॅशवर रबरबँडनं बांधला. फोटो फक्त अंधारा आला, चकाकी तशीच. दिव्याचा आकार वाढलाच नव्हता, मग प्रकाश मऊ कुठून होणार?

मग त्यानं फ्लॅश छताकडे वळवला. प्रकाश छतावर आदळून खाली आला की तोही मऊ होतो. पण आमचं छत त्यानं मागच्या दिवाळीत पोपटी ऑइलपेंटनं रंगवलंय. प्रणाली कावीळ झाल्यासारखी दिसू लागली.

समोरच्या राईस मिलमध्ये काम चालू होतं. नरेश जाऊन तांदळाची प्लास्टिकची नवी पांढरी बोरी मागून घेऊन आला. ही बोरी विणलेली असते, तिच्यातून उजेड आरपार येतो पण पलीकडचं दिसत नाही. आम्ही ती उसवून उघडी केली, दुसऱ्या एका स्टँडवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली आणि फ्लॅश तारेनं कॅमेऱ्याला जोडून बोरीच्या मागे ठेवला.

फोटो आला. चकाकी गेली होती, पण गाल गुलाबी झाले होते.

“आहा!” प्रणालीची आई म्हणाली. “आता पाहा कसा रंग आला. हाच ठेवा.”

रंग मिलचा होता. बोरीवर लाल शाईत मोठं कमळ छापलेलं होतं, आणि फ्लॅश नेमका त्याच्यातून येत होता.

“आई, मी का कमळ आहो?” प्रणाली म्हणाली आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली. आईसुद्धा पदराआड हसली.

बोरीची पाठ कोरी असते. आणखी एक बोरी आणून दोन्हींच्या पाठी कापल्या, कडेला कडा टाचून एक मोठा पडदा केला. आता तो ठेवायचा कुठे? नरेश उजवीकडे ठेवू लागला, म्हणजे डावा गाल सावलीत जाईल. कोणालाही हेच सुचेल. पण प्रकाश आडवा आला की व्रणाच्या कडेच्या प्रत्येक उंचवट्याची सावली पडते, आणि व्रण आहे त्याहून खोल दिसतो. म्हणून मी पडदा डावीकडेच, जरा समोर आणि हातभर अंतरावर ठेवायला सांगितला. उजव्या बाजूला सजावटीतलं पांढरं थर्माकोल उभं केलं, म्हणजे तिकडेही थोडा उजेड परत येतो.

“भाजलेल्या गालावरच लाईट?” आई घाबरून म्हणाली.

“हो. लपवायचं नाही म्हटल्यावर नीट दिसू द्यायचं.”

नरेशनं फोटो काढला. प्रणाली उठून स्क्रीनजवळ आली. व्रण होता. गालापासून मानेपर्यंत, जिथे आणि जेवढा आहे तेवढाच. पण आता आधी तिचे डोळे दिसत होते, आणि मग गाल. प्रत्यक्षात तिला भेटलं की असंच होतं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग आईकडे वळली आणि बाजूला सरकली. त्या दोघींमध्ये आता तिसऱ्याचं काम नव्हतं, म्हणून मी चिमटे मोजायला घेतले.

आई पुढे झाली. फोटो बघितला. मग मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

“टिकली वाकडी झाली,” ती म्हणाली. “सरळ कर. आणखी एक काढू दे भाऊले.”

दुसरा फोटो काढला. तोच छापला, त्याचीच फाईल दिली. पाहुण्यांचं नाव आईनं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणालीचा फोन आला. तपासणीच्या टेबलावरच्या माणसानं फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, शिक्का मारला.

“काय म्हणाला मग?” मी विचारलं.

“काईच नाही, मॅडम. पुढच्याले हाक मारली.”

ओळखपत्राच्या फोटोला याहून मोठी पावती नसते.

नरेश आता प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी विचारतो, तीळ-डाग ठेवू का काढू. बहुतेक जण काढायलाच सांगतात, आणि तो काढून देतो. विचारायला एक वाक्य लागतं. ते आधी विचारलं असतं, तर त्या मुलीला नागपूरहून परत यावं लागलं नसतं.