मुलाखतीला निघालेली माणसं

वर्ध्यात मुलाखतीच्या तयारीचा माझा छोटासा क्लास आहे. घरातलीच समोरची खोली, दहा खुर्च्या, एक फळा. मुलं शिकतात, नोकरीला लागतात, मोबाइल नंबर बदलतात. किस्से मात्र माझ्याकडेच ठेवून जातात! कोणी चहाला आलं की एखादा निघतोच.

*

सेलूचा प्रफुल्ल. 'तुमच्यातला दोष सांगा' याला सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "मी कामात फार गुंतून जातो." मीही तेच शिकवते.

प्रफुल्ल म्हणाला, "मॅडम, खोटं काऊन बोलू? मले जेवल्यावर झोप येते."

"तिथे असं बोललास तर घरी पाठवतील!"

नागपूरच्या एका कंपनीत तो हेच बोलला. दुपारचे अडीच वाजलेले. समोरच्या तिघांतले मोठे साहेब जांभई दाबत म्हणाले, "नेक्स्ट क्वेश्चन."

घेतलं त्याला.

*

हिंगणीची अश्विनी. मुलाखत ऑनलाइन, आणि नेटवर्क फक्त गच्चीवर. ब्लेझर घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पहिलंच उत्तर चालू असताना पत्र्यावर धाडधाड आवाज. मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या सरांनी विचारलं, "काय चाललंय तिकडे?"

"सर, वांदरं आली."

सरांना वाटलं, पोरगी उत्तर टाळतेय. तिने कॅमेरा फिरवला. शेजारच्या पत्र्यावर पंधरा-वीस वानरं, आणि खाली काठी घेऊन तिचे बाबा! सरांनी अख्खं ऑफिस स्क्रीनपुढे बोलावलं. मग एकच प्रश्न विचारला, "वाघही येतो का हो?"

निवड झाली नाही. सर मात्र हिवाळ्यात बायकोमुलांना घेऊन हिंगणीजवळचं जंगल बघायला आले. जेवले अश्विनीकडेच!

*

मुलाखतीनंतर आठवड्याने एक फोन करावा, असं मी सांगते. वैशालीने 'दर आठवड्याला' ऐकलं. दर सोमवारी अकरा वाजता एचआरच्या मॅडमना फोन, "नमस्कार मॅडम, माझं काही झालं का?"

असे सात सोमवार. आठव्या सोमवारी ती तापाने पडून होती. साडेअकराला तिचाच फोन वाजला.

"वैशाली, आज फोन नाही आला. बरी आहेस ना?"

आता ती त्याच ऑफिसात आहे. काम काय, तर ग्राहकांचा फॉलोअप!

*

आणि विजयभाऊ. वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीत, सुपरवायझर होते, ती बंद पडली. आयुष्यात मुलाखत दिलेली नाही. मुलीच्या वयाच्या पोरांमध्ये येऊन बसायचे. कापसाबद्दल विचारलं की तासभर बोलत. 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की रुमाल काढून चष्मा पुसत बसत.

दुसऱ्या एका जिनिंगमधून बोलावणं आलं. परत आले ते मान खाली घालून.

"मॅडम, साहेबानं विचारलं, बावीस वर्षांत अभिमान वाटावा असं काय केलं? मले काईच नाई सुचलं."

मी म्हटलं, "होतं असं. फोनची वाट पाहू."

फोन आला नाही. पाचव्या दिवशी भाऊ स्वतःच बसने तिथे गेले. चौकीदाराला म्हणाले, "नोकरीसाठी नाई आलो. साहेबाले एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राह्यलं." दोन तास फाटकाशी उभे. शेवटी साहेबांनी आत बोलावलं.

संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा चहाही नको म्हणाले. मीच विचारलं, "काय सांगितलंत मग?"

"सांगतलं, साहेब, बावीस वर्षांत माह्या पाळीत एकाही मान्साचं बोट मशीनमध्ये नाई गेलं."

"आणि साहेब?"

"हजेरीचं रजिस्टर उघडलं." भाऊंनी रुमाल काढला, चष्मा पुसला. "मंग विचारलं, पह्यली पाळी घेता का दुसरी?"