सुकलाल नानांना हवी असलेली एक ओळ

यंदाच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, सुकलाल नानांना मुक्ताईनगर रस्त्यावरच्या एका केळी पिकवण्याच्या केंद्रातून बाहेर काढलं. अकरा वर्षं त्यांनी तिथल्या शीतखोल्या सांभाळल्या होत्या. दुपारपर्यंत फाटकावर त्यांच्या फोटोसकट नोटीस लागली: ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे माल खराब झाला, या इसमास कामावर ठेवताना विचार करावा. संध्याकाळपर्यंत त्या नोटिशीचा फोटो खानदेशातल्या निम्म्या चेंबरवाल्यांच्या, म्हणजे अशा खोल्या चालवणाऱ्यांच्या, मोबाइलवर फिरला.

निष्काळजीपणा म्हणे. आता हा माणूस कसा होता ते ऐका.

मी नानांना पहिल्यांदा पाहिलं ते केंद्रासमोरच्या रसवंतीवर. पॅकिंगच्या बायकांना बसायला सावली नाही म्हणून मी पत्रकं वाटत होते. नाना बाकावर बसले होते. रसवंतीवाल्याकडून मागून घेतलेला बर्फाचा चुरा स्टीलच्या पेल्यात, वर थोडं पाणी, आणि त्यात थर्मामीटरची सुई. मी पत्रक पुढे केलं. वर न बघता म्हणाले, "थांब माय. शून्य दखू दे." बर्फाच्या पाण्यात जे यंत्र शून्य दाखवत नाही ते खोटं, मग ते कितीही महाग असो. शून्य दिसल्यावर त्यांनी सुई सदऱ्याला पुसली आणि पत्रक वाचलं. त्यात मी लिहिलं होतं, शेकडो भगिनी उन्हात बसतात. नानांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मोजं का?"

मोजल्या नव्हत्या. आत जाऊन मोजल्या तर बत्तीस निघाल्या. पुढच्या पत्रकात मी बत्तीस छापलं, आणि मालकाला पहिल्यांदाच उत्तर द्यावं लागलं. शेकडोंना तो हसला होता.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. धुळ्याच्या बर्फाच्या कारखान्यात हात काळे करून शिकलेले. केंद्रातली बाकी सगळी मंडळी इकडची, मुक्ताईनगर-रावेरची. 'आहे'ला 'शे' म्हणणारी नानांची बोली ऐकून ती हसायची. ऑफिसात त्यांना 'शेनाना' म्हणायचे. ते नानांच्या कानावर होतंच. ते एवढंच म्हणायचे की मी तरी इथे शे, तुमचे मॅनेजर साहेब कधी दिसतात का?

मॅनेजर खरंच दिसायचे नाहीत. जळगावात बसून ते मोबाइलवर खोल्यांचे आकडे बघायचे. केळी पिकवायची खोली साधारण सतरा अंशांवर ठेवतात. तेराच्या खाली गेली की केळ्याला थंडी लागते, साल धुरकट पडते, आणि मग ते फळ कधीच धड पिवळं होत नाही. खोलीत एक प्रोब लटकतो, म्हणजे तापमान ओळखणारी सळई. तिची तार बाहेरच्या कंट्रोलरला जाते, आणि कंट्रोलर गारवा चालू-बंद करतो. सगळं त्या आकड्यावर.

आखाजीला नानांची लेक सुरतेहून माहेरी आली होती. घरात खापरावरची पुरणपोळी. नाना अर्ध्या ताटावरून उठून केंद्रात गेले, कारण सकाळी तीन नंबरच्या खोलीतली फणी त्यांच्या हाताला जास्त गार लागली होती. कंट्रोलर सतरा सांगत होता. त्यांनी टोचायचा थर्मामीटर केळ्याच्या गरात खुपसला, तर अकरा. चार कॅरेटमधली फळं तपासली. सगळीकडे अकराच.

त्यांनी गारव्याचं मशीन बंद केलं आणि मॅनेजरला फोन लावायला घेतला. पण त्याआधीच साहेबांचा फोन आला. मोबाइलवर आकडा वर चढताना दिसत होता ना. नानांनी सांगितलं की आकडा खोटा शे, केळं खरं शे. मॅनेजर म्हणाले, लाखाच्या मशीनपेक्षा तुमची सुई शहाणी का? मशीनला हात लावला तर कंपनीची वॉरंटी जाईल. चालू करा, सण झाल्यावर कंपनीचा माणूस येईल.

नानांनी रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे लिहिले, साहेबांचा हुकूम लिहिला, वेळ लिहिली, सही केली. आणि मशीन चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खी खोली राखेच्या रंगाची होती. रजिस्टर कोणी उघडलंसुद्धा नाही.

आणि यावर कंपनीच्या माणसाने काय करावं? नवा कंट्रोलर बसवला. त्यानेही सतरा दाखवले. मग काय, दोन यंत्रं एकच सांगतात म्हणजे आकडा खरा, ऑपरेटरनेच दार उघडं टाकलं असणार, असा शेरा मारून गडी निघून गेला. दार उघडं राहिलं तर खोली तापेल की गोठेल? एवढा प्रश्न त्या ऑफिसात एकालाही पडला नाही. मला आजही हे लिहिताना संताप येतो.

पुढचा माल भरायचा होता आणि खोलीचा भरवसा नव्हता, म्हणून आठव्या दिवशी नानांनाच बोलावणं आलं. मीही गेले. मॅनेजरही हजर. नानांनी लटकता प्रोब बर्फाच्या पेल्यात बुडवला. आकडा सहावर थांबला. शून्याच्या जागी सहा. मॅनेजर म्हणाले, म्हणजे प्रोब गेला. नानांनी प्रोब सोडवून बाहेर आणला, स्वतःजवळच्या हातभर तारेने सरळ कंट्रोलरला जोडला, पुन्हा बर्फात धरला. शून्य.

म्हणजे प्रोब ठीक, कंट्रोलर ठीक. राहिली मधली तार. नाना शिडीवर चढले आणि छतालगतची तार बोटांनी चाचपत निघाले. कोपऱ्यात काळ्या टेपची गाठ लागली. मागे खोली वाढवली तेव्हा तार कमी पडली होती, आणि कोणीतरी बल्बच्या साध्या वायरचा तुकडा जोडून दिला होता. टेप सोलल्यावर आत हिरवट गंज. खोलीतल्या ओलीने तो जोड महिनोन्‌महिने खाल्ला होता. तिथे वीज अडत होती आणि कंट्रोलर तेवढे अंश जास्त मोजत होता.

"जोड सडेल शे," नाना वरूनच म्हणाले. "नवा कंट्रोलर बी हाईच तारवर शे ना साहेब."

त्यांनी अखंड तार ओढली. बर्फात शून्य आलं. मॅनेजर हसत म्हणाले, "सापडलं ना, नाना? झालं गेलं विसरा. उद्यापासून या."

"कागद?"

"कागद कशाला? तुम्ही घरचेच."

नानांनी हत्यारं पिशवीत भरली. ते म्हणाले, एक ओळ लिखी द्या: चूक जोडाची होती, सुकलालची नव्हती. मॅनेजर म्हणाले की तसं लिहिलं तर वरचे लोक मलाच विचारतील. नाना फाटकाबाहेर पडले.

मीच त्यांना रस्त्यात समजावलं, हे लपवत नाही. म्हटलं, नाना, काम तर मिळतंय, घ्या. ते थांबले. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही.

"मन्हं नाव कितलं घसरनं, ते मोजं का तू?"

त्यानंतर मी मोजलं. सावद्याला एका चेंबरवाल्याने नानांना तोच फोटो दाखवून परत पाठवलं. पहूरजवळ दुसऱ्याने फाटकही उघडलं नाही. मी चिडून पत्रक लिहिलं की केंद्राने नानांना मुद्दाम फसवलं. नानांनी 'मुद्दाम' खोडलं. जोड कोणी दिला, का दिला, ते आपल्याला माहीत नाही, म्हणाले. आपलं भांडण एका ओळीचं.

पावसाळ्याआधी नाना शिंदखेड्याला परत गेले. आता घरच्या ओसरीवर लोकांचे फ्रीज दुरुस्त करतात. केळीच्या खोलीत पाय ठेवत नाहीत. खोली आज त्यांनीच ओढलेल्या तारेवर चालते, आणि कागदावर ते अजून निष्काळजी आहेत.

चेंबरवाल्यांनो, तो फोटो तुम्ही पुढे पाठवलात. कोणी शहानिशा केली नाही. साहेब लिहून देत नाहीत, तर तुम्ही लिहा. ज्या ज्या गटात तो फोटो टाकला होता, त्या प्रत्येक गटात आज हे टाका, खाली स्वतःचं नाव घालून: चूक जोडाची होती, सुकलाल नानांची नव्हती.