दोर धरणारा मेव्हणा

नव्वदीच्या दशकात मी विम्याची एजंट होते. लूनावरून अख्खं कोल्हापूर पालथं घालायचे. तोंडाचा पट्टा असा की, मी दारात दिसले की लोक आधी चहा टाकायचे आणि मग गप सही करायचे. पण एक माणूस काही केल्या बधेना. आमच्याकडं दूध घालणाऱ्या बाईचा नवरा. साखर कारखान्यांची धुराडी रंगवायचा.

"वैनी, ह्यांचा इमा कराच," ती दूध ओतताना रोज म्हणायची. "गाळप सुरू व्हायच्या आत शिरोळकडचं धुराडं रंगवायचं हाय. माझ्या जिवाला घोर लागलाय बघा."

नवरा ऐकेल तर शपथ. "आमचा इमा खाली हुबा असतोय की!" म्हणायचा आणि हसायचा.

म्हणजे काय, ते तिनंच सांगितलं. ह्या धुराडी रंगवणाऱ्यांत एक रीत होती. वर लोंबकळणाऱ्याचा दोर खाली बायकोच्या सख्ख्या भावानंच धरायचा. बहिणीचं कुंकू कुठला भाऊ हातातनं सोडंल? आणि मेव्हणा दोर धरून उभा असताना विमा काढायचा, म्हणजे तुझ्या हातावर माझा भरवसा नाही, असं त्याला तोंडावर सांगणं. मला संतापच आला. मेव्हण्याचा मान राखायचा आणि बायकोला झुरत ठेवायचं, ही कुठली पद्धत? म्हटलं, आता कारखान्यावरच गाठते दोघांना.

गेले. मान मोडेस्तोवर वर बघितलं तेव्हा तो दिसला, फळीवर बसून ब्रश फिरवताना. त्याचा दोर टोकावरच्या कप्पीतून खाली आलेला, लोखंडी खुंट्याला वेढा घातलेला आणि शेवट मेव्हण्याच्या मुठीत.

"पावणं, जरा बोलायचं होतं," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली नाही. "दाजी वर हाईत," एवढंच म्हणाला. काय माज तरी, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात शेजारच्या पाण्याच्या टाकीवरचं आग्या मोहोळ उठलं. कशानं उठलं, देव जाणे. "पळा, पळा!" करत सगळे मजूर पांगले. मी पदर डोक्यावर घेऊन उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये शिरले आणि काच वर केली. काचेतनं बघते, तर मेव्हणा जागच्या जागी! तोंडावर, मानेवर, हातांवर माश्याच माश्या. दाजी वर तोंडाला टॉवेल गुंडाळून बसलेला. दोर सोडून हा पळाला असता, तर दाजी खाली आपटला असता; खुंट्याला बांधून पळाला असता, तर दाजी वर माश्यांत अडकला असता. पण हा एरवी सोडायचा तसाच सावकाश, वीतवीत दोर सोडत होता. डोळ्यावरची माशी झटकायला एक हात उचलला नाही हो त्यानं! माझे हात आपोआप जोडले गेले. फळी जमिनीला टेकली, दाजी उतरला, तेव्हा कुठं दोर सुटला, आणि मेव्हणा तिथंच कोसळला.

वाचतोय की नाही, हे आधी डॉक्टरही सांगेनात. पण वाचला. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत कागद होते, पण ते काढवेनात. खरं सांगते, असला माणूस खाली उभा असताना कसला विमा न् कसलं काय, असंच मला वाटलं. तसं बोलूनही गेले.

"आता कसं बोललासा!" दाजी खूश झाला. "मी काय येगळं सांगत हुतो?"

दूधवाली खाली मान घालून भावाचे पाय चेपत राहिली.

मेव्हण्याचं तोंड अजून सुजलेलं होतं. शब्द जड येत होते. "दाजी, सही करा," तो म्हणाला.

"आरं, तू असताना मला कशाला..."

"निम्म्यात हात सुटाय लागलता, दाजी." तो छताकडं बघत होता. "लई भ्या वाटलं. दोर मुठीत ऱ्हायला कसा, मलाच ठावं न्हाय. फुडच्या बारीला ऱ्हाईल, असं मी आक्काला सांगू शकत न्हाय."

दाजीनं माझ्याकडं न बघताच पेन मागितलं. त्या सगळ्या दिवसांत मी दूधवालीला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा ती भावाच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.