चुलीला सांगितलेलं

माझं अक्षर चांगलं होतं आणि धाकट्या बहिणीचा आवाज. सगळं रामायण त्यातून घडलं.

साठीच्या दशकात आम्ही धुळ्याला देवपुरात राहायचो. वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून. आई शिंदखेड्याकडच्या खेड्यातली, शहरात वीस वर्षं काढूनही घरात खानदेशीच बोलणारी. मी एकोणीस वर्षांची, बहीण सतरा. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं आबांच्या सत्संगाला जायचो. वीसेक घरांचा सत्संग. आबा मोजणी खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी आखल्या, मग आमच्या डोक्यांच्या आखायला घेतल्या. मुलगी कुठे द्यावी, कुठली पोथी घरात ठेवू नये, सिनेमाला का जाऊ नये, ताप आला तर काय करावं, सगळं आबा सांगत. का, असं कोणी विचारत नसे. आज मी हे नाक मुरडून लिहितेय, पण तेव्हा मला त्यात फार सुख होतं. डोक्याला काही कामच नव्हतं.

आबा बोलत ते मी वहीत उतरवून घ्यायची. घरी आणून पुन्हा स्वच्छ अक्षरात लिहायची. पुढच्या गुरुवारी सुरुवातीला त्यातलं एक पान वाचलं जायचं, आणि ते वाचायची माझी बहीण. माझा आवाज फाटका, तिचा घंटेसारखा. ती वाचायला लागली की बायका डोळे मिटून घेत. वाचन झालं की आबा मान डोलावून म्हणत, "पोरीच्या तोंडात गोडवा आहे." पोरगी म्हणजे ती. जागून वही लिहिणारी, बोटांना शाई लागलेली पोरगी भिंतीशी बसलेली असायची, तिच्याकडे कोणाचं लक्ष जायचं नाही. परतताना पांझरा नदीच्या पुलावर बायका बहिणीचा गालगुच्चा घेत आणि मी वही काखेत मारून पुढे चालत सुटायची.

त्या श्रावणात आबांनी सांगितलं होतं की औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं. मी लिहून घेतलं. मार्गशीर्षात त्यांची दाढ दुखायला लागली. तीन दिवस गाल धरून बसले, चौथ्या दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाढ काढून आले आणि गुरुवारी म्हणाले, डॉक्टरच्या चिमट्यातही तीच शक्ती असते. तेही मी लिहून घेतलं. मला काही खटकलं नाही. बहिणीने घरी वही चाळताना दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली आणि हसत सुटली.

"अक्का, आबांची श्रद्धा दाढेतच होती वाटतं. डॉक्टरने उपटून काढली."

मीही हसले. खरंच हसले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटी आबांच्या घरी जाऊन त्यांच्या कानावर घालून आले.

माझ्या मनात एवढंच होतं की वाचन तिच्याकडून काढून मला द्यावं. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शंका बोलण्यातून पसरते. तिच्याशी बोलणं बंद."

आमच्यात याला 'बंद लागणं' म्हणत. बंद लागलेल्या माणसाशी सत्संगातल्या कोणीही बोलायचं नाही, घरच्यांनीसुद्धा. बंद आबाच लावणार आणि आबाच उघडणार. आधी दोघातिघांना लागला होता, पण ते महिन्याभरात रडत आबांच्या पाया पडले आणि सुटले. बहीण पाया पडायला तयार नव्हती. "मी खोटं काय बोलले?" एवढं एकदा विचारलं. आम्ही तिघांनी तोंडात मूग धरले होते. पुन्हा तिनं विचारलं नाही.

दोन खोल्यांच्या घरात चार माणसं आणि एकीशी कोणी बोलायचं नाही. वडील तर घरात आले की वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचे. आईने मात्र चौथ्या दिवशी वाट काढली. ती चुलीशी बोलायला लागली.

"चूलबाई, भाकर झाकी ठेल शे. भरीत बी शे. गरम शे तवर खाई लेवो."

शेजारच्या खोलीतून बहीण उठून यायची आणि जेवायची. सकाळी ती शाळेत निघाली की आई फुंकणी हातात धरून म्हणायची, "बाहेर भलती थंडी शे, चूलबाई. डोकं बांधीसन जावो." नियम मोडत नव्हता. चुलीशी बोलायला आबांनी कुठे मनाई केली होती?

वाचन मला मिळालं. पहिल्या गुरुवारी मी वाचलं तर एकीनेही डोळे मिटले नाहीत. दोघी तर पदराआड जांभया देत होत्या. आबांनी मान डोलावली नाही. घरी आले तर आई चुलीला सांगत होती, "आज मी तीळनी चटणी करी, चूलबाई. तुले आवडस ना?" इतक्या मऊ आवाजात आई माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी मोठी. मला 'पाणी भर', 'दिवा लाव', 'भाजी निवड' एवढंच. जिच्याशी बोलायचं नाही तिच्या वाट्याला सगळं लाडाचं बोलणं, आणि जिच्याशी बोलायला मुभा तिला नुसती कामं. मी रात्रंदिवस कान चुलीकडे लावून बसायची आणि जळायची. चुलीत लाकडं कमी पडली असती तर मीच पुरले असते.

सात आठवडे मी हे सोसलं. मग पुन्हा आबांकडे गेले. या खेपेला आईचं सांगितलं.

आबा म्हणाले, "आईला सांग, चुलीशीसुद्धा नाही."

तो निरोप मीच घरी आणला. आई भाकरी थापत होती. बहीण पलीकडे पुस्तक घेऊन बसलेली. मी दारातच उभी राहून सांगितलं. आईने थापलेली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, चुलीशी लावून फुगवली. मग चुलीकडे बघून म्हणाली, "चूलबाई, आते तुन्हासंगे बी बोलानं नही म्हने."

आणि हात पुसून सरळ बहिणीकडे वळली.

"ये वं माय. मन्हाजोडे बठ."

बहीण तिच्या मांडीत डोकं घालून रडली. आई तिच्या पाठीवर पिठाचे हात फिरवत होती, पाठीवर पांढरे पंजे उमटले. मी दारात उभी. मला कोणी ये म्हटलं नाही, आणि म्हणणार तरी कसं?

गुरुवारी आईलाही बंद लागला. आता घरात दोन तट पडले. वडील आणि मी एकीकडे, नियम पाळणारे, तोंड शिवलेले. त्या दोघी पलीकडे, बंद लागलेल्या, आणि दिवसभर बोलणाऱ्या. त्या एकमेकींच्या वेण्या घालत, सिनेमाला जाऊन येत आणि आल्यावर गाणी गुणगुणत. शिक्षा त्यांना झाली होती आणि भोगत मी होते.

माझ्याशी आई आता चुलीतून बोलायची. "चूलबाई, मोठीले सांग, डबा भरी ठेल शे." मला वाटलं, टोमणा मारतेय, सूड घेतेय. मी डबा उचलायची आणि निघून जायची.

माझं लग्न आबा सांगतील तिथे व्हायचं म्हणून थांबलेलं. पुढच्या वर्षी मामांनी, ते सत्संगातले नव्हते, बहिणीचं लग्न असोद्याच्या एका शिक्षकाशी जमवलं. मी अक्षता टाकल्या, शब्द टाकला नाही. त्यानंतर सहा महिन्यांत आबा गेले. तेराव्याला कोणीतरी हळूच विचारलं, की आता बंद कोणी उघडायचे? सत्संगातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ म्हणाले, आबांचा शब्द आबांबरोबर संपत नाही, होता तिथेच राहील. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. पण खरं सांगायचं तर तोवर नियमाचं मला फारसं काही राहिलं नव्हतं. आईने आधी बोलावं, सरळ माझं नाव घेऊन बोलावं, एवढाच माझा हट्ट होता.

बहिणीच्या बाळंतपणाला आई असोद्याला गेली आणि तीन महिने झाले तरी परतली नाही. वडिलांनी मला सांगितलं, "जा, घेऊन ये तिला." न बोलता कसं आणायचं ते सांगितलं नाही. मी एसटीने जळगाव गाठलं, तिथून असोदा.

बहिणीच्या अंगणात केळीचे घड रचलेले होते. ओसरीवर बहीण बसलेली, बाळ मांडीवर, आणि मागे बसून आई तिच्या डोक्याला तेल लावत होती. दोघी कशावर तरी हसत होत्या. मला पाहून हसू थांबलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली, आणि आतून आवाज आला, "चूलबाई, मोठी उनी शे. दमी गई व्हई. तिले चहा टाकस."

तोच मऊ आवाज. देवपुरात मी ज्याच्यासाठी जळत होते, तोच.

बहीण हळू आवाजात म्हणाली, "अक्का, अजून किती दिवस? तुझा नेम तिच्यामुळे मोडायला नको म्हणून ती चुलीशी बोलते. तू बोल, मग ती बोलेल."

तीन वर्षं मी ज्याला सूड समजत होते ते हे होतं. माझे कान तापले. आणि बहिणीला हे माहीत होतं, आईने तिला सांगितलं होतं, मला नाही, याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. मी तशीच आहे.

आई चहाचा कप घेऊन बाहेर आली. तो माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा बहिणीच्या मागे बसून तेलाची वाटी उचलली.

"आई," मी म्हटलं.

माझा आवाज फाटकाच. बहिणीच्या आवाजाशी त्याचं काडीचं साम्य नाही. पण आईने माझ्याकडे बघितलं नाही. हाक तिनेच मारली असं वाटून तिने वाकून बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय व्हयनं वं?" तिने तिला विचारलं.